लाल वाइनसाठी द्राक्ष निवडताना घड मोकळा हवा

नाशिकच्या वाइन बागेत एप्रिलला खरड छाटणी (नव्या काड्यांसाठी), सप्टेंबर-ऑक्टोबरला गोडी छाटणी (फळासाठी) आणि जानेवारी ते मार्च तोड. म्हणजे परतीचा पाऊस नेमका कोवळ्या फुटींवर आणि फुलोऱ्यावर येतो. केवडा (डाउनी मिल्ड्यू) या रोगाची बुरशी पानाच्या खालच्या बाजूने, ओल्या पर्णरंध्रांतून आत शिरते. जुन्या युरोपीय जातींपैकी एकही या रोगापासून सुरक्षित नाही, त्यामुळे फवारणी कोणालाच चुकत नाही. जातीजातींतला खरा फरक दिसतो तो घडात.

घट्ट घडात मणी फुगले की एकमेकांना दाबतात, साल फाटते, रस झिरपतो आणि आतून कूज सुरू होते. पिनो न्वार या जातीची अडचण हीच. झिनफँडेलचाही घड घट्ट, शिवाय पक्वता असमान: एकाच घडात बेदाणा झालेले मणी आणि हिरवे मणी शेजारी शेजारी. कॅबरने सोव्हिन्यॉचे मणी लहान, साल जाड, घड मोकळा. पण तिला भुरी (पावडरी मिल्ड्यू) लवकर धरते आणि ती उशिरा पिकते, त्यामुळे मार्चच्या उन्हात सापडते.

उन्हात मण्यातलं मॅलिक आम्ल श्वसनात जळतं आणि रसाचा सामू (pH) चढतो, म्हणजे आंबटपणा उतरतो. सामू ३.५ असताना वाइन टिकवायला लिटरला सुमारे २५ मिलिग्रॅम मुक्त सल्फर डायऑक्साइड पुरतो, ३.९ झाला की तेवढ्याच परिणामासाठी ६० मिलिग्रॅमच्या वर लागतो. रंगही फिका पडतो. म्हणून नुसत्या ब्रिक्सवर (रसातल्या साखरेच्या मापावर) तोड ठरवू नये. ओळीच्या दोन्ही बाजूंचे, घडाच्या वरचे-खालचे मिळून शंभर मणी घ्यावेत, कुस्करून ब्रिक्स आणि सामू दोन्ही मोजावेत. शिराझ रंगाला उत्तम, पण पिकल्यावर तिचे मणी वेलीवरच झपाट्याने सुकतात. तिथे ही तपासणी दर दोन दिवसांनी हवी.

ज्यावर कलम बांधतात त्या खुंटाचा विचार बहुतेक वेळा राहून जातो. डॉगरिज हा खुंट जोमदार खरा, पण पालाश (पोटॅशियम) भरपूर ओढतो. तो पालाश टार्टारिक आम्लाला बांधतो आणि सामू आणखी वाढतो. वाइनसाठी ११०-आर हा खुंट बरा.

नव्या लागवडीत मार्सेलान ही जात करून पाहण्याजोगी आहे. फ्रान्समध्ये १९६१ साली कॅबरने सोव्हिन्यॉ आणि ग्रेनाश यांच्या संकरातून ती तयार झाली. मणी बारीक म्हणून उत्पादन कमी भरेल, असं वाटून ती बराच काळ बाजूला पडली होती. लाल वाइनला मात्र बारीक मणीच हवा, कारण रंग आणि टॅनिन (तुरटपणा देणारं द्रव्य) सालीत असतं, आणि मणी बारीक तितकी रसाच्या मानाने साल जास्त.