नोकरी वाचवायची की नोकरदार? जर्मनीचं कुर्त्सआर्बाइट आणि डेन्मार्कची फ्लेक्झिक्युरिटी

युरोपातल्या नोकऱ्यांचा विषय निघाला की आपल्याकडे दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. ‘तिकडे कुणाला काढताच येत नाही’ हे एक, आणि ‘तिकडे काढलं तरी घरबसल्या नव्वद टक्के पगार मिळतो’ हे दुसरं. बोलणारा बहुतेक वेळा एकच असतो. काढताच येत नसेल तर काढल्यावर पगार कुणाला मिळतो, हा प्रश्न काही कुणी विचारत नाही. पहिलं वाक्य जर्मनीबद्दल अर्धं खरं आहे, दुसरं डेन्मार्कबद्दल अर्धं खरं आहे. गोंधळाला युरोपीय संघाचाही हातभार लागलाय. 2007 मध्ये संघाने ‘फ्लेक्झिक्युरिटी’ची (फ्लेक्झिबिलिटी म्हणजे लवचिकता आणि सिक्युरिटी म्हणजे सुरक्षा, यांचा जोडशब्द) सामायिक तत्त्वं ठरवली, तेव्हा कारखान्याच्या आत कामाचे तास कमीजास्त करणं आणि माणसाला एका कारखान्यातून दुसऱ्यात जाऊ देणं, हे दोन्ही प्रकार एकाच छत्राखाली आणले. प्रत्यक्षात या दोन पद्धती जवळजवळ उलट्या दिशेने चालतात.

आधी जर्मनी बघू. श्टुटगार्टजवळ गाड्यांचे सुटे भाग बनवणारा एखादा कारखाना धरा. ऑर्डरी निम्म्यावर आल्या. मालक निम्म्या लोकांना घरी पाठवत नाही, सगळ्यांचे तास निम्मे करतो. याला म्हणतात कुर्त्सआर्बाइट, म्हणजे आखूड केलेलं काम. बुडालेल्या निव्वळ पगाराच्या 60 टक्के रक्कम बेकारी विम्यातून मिळते, घरात मूल असेल तर 67 टक्के. ही टक्केवारी पूर्ण पगारावर नसते, फक्त बुडालेल्या भागावर असते, आणि गल्लत नेमकी इथेच होते. समजा हातात येणारा पगार 2,000 युरो होता आणि तास निम्मे झाल्यावर तो 1,200 झाला (पगार कमी झाला की करही कमी लागतो, म्हणून अगदी निम्मा नाही). बुडाले 800. त्याचे 60 टक्के म्हणजे 480. महिन्याअखेर हातात 1,680 येतात. काम निम्मं झालं, पण पगार निम्मा झाला नाही. कामगाराला कुठल्याही रांगेत उभं राहावं लागत नाही. मालकच पगारासोबत ही रक्कम देतो आणि नंतर न्युर्नबर्गला मुख्यालय असलेल्या संघीय रोजगार संस्थेकडून परत मागून घेतो.

मराठवाड्यातल्या वाचकाला हे एका शब्दात समजेल: चारा छावणी. दुष्काळात बैल विकला तर पावसाळ्यात नांगराला काय जुंपणार? म्हणून सरकार चारा पुरवतं आणि बैल मालकाचाच राहतो. माणसाची तुलना बैलाशी केलेली जर्मन युनियनवाल्यांना रुचणार नाही, पण हिशेब तोच आहे. तिथला औद्योगिक मेकॅनिक साडेतीन वर्षं उमेदवारी करून तयार होतो. मंदीत त्याला सोडला आणि सहा महिन्यांनी ऑर्डर आली, तर तोवर तो शेजारच्या कारखान्यात रुजू झालेला असतो.

मालक या वाटेने जातो त्याला दुसरंही कारण आहे: काढणं महाग पडतं. 1951 च्या बरखास्ती-संरक्षण कायद्यानुसार, दहापेक्षा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी सहा महिन्यांहून अधिक नोकरी झालेल्याला काढायचं तर कायद्याला मान्य होईल असं कारण लागतं. धंदा बसला म्हणून काढत असाल तर कुणाला काढायचं हेही मनाला येईल तसं ठरवता येत नाही. नोकरीची वर्षं, वय, घरात किती जणांचा भार आहे, गंभीर अपंगत्व आहे का, या चार गोष्टी तोलाव्या लागतात. कारखान्यात कामगारांनी निवडलेली कामगार परिषद असेल तर प्रत्येक बरखास्तीआधी तिचं म्हणणं ऐकावं लागतं, नाहीतर बरखास्तीच रद्द. पत्र कागदावर, सहीनिशीच द्यावं लागतं, ईमेल चालत नाही. कामगाराला तीन आठवड्यांत कामगार न्यायालयात जाता येतं. वीस वर्षं नोकरी झालेल्याला सात महिन्यांची नोटीस द्यावी लागते. तेव्हा ‘काढताच येत नाही’ हे खरं नाही. काढता येतं, पण मालकाला त्याआधी दहादा विचार करावा लागतो.

या पद्धतीची ताकद 2009 मध्ये दिसली. त्या वर्षी जर्मनीचं उत्पन्न पाच टक्क्यांहून जास्त घसरलं, पण बेकारी जेमतेम हलली, कारण त्या मे महिन्यात 14 लाखांहून जास्त लोक आखूड कामावर होते. एप्रिल 2020 मध्ये हा आकडा साठ लाखांच्या घरात गेला.

आता डेन्मार्क. इथली गोष्ट कायद्यापासून नाही, एका टाळेबंदीपासून सुरू होते. 1899 च्या उन्हाळ्यात मालकांनी हजारो कामगारांना तीनेक महिने कारखान्यांबाहेर ठेवलं. सप्टेंबरमध्ये समझोता झाला: कामाची वाटणी आणि व्यवस्थापन हा मालकाचा हक्क, संघटना करणं आणि सामूहिक करार करणं हा कामगारांचा हक्क. डॅनिश कामगार बाजार आजही या देवघेवीवर उभा आहे. तिथे किमान वेतनाचा कायदासुद्धा नाही. ते युनियन आणि मालकसंघ आपसात ठरवतात, आणि सरकारने त्यात नाक खुपसलेलं दोघांनाही आवडत नाही.

त्यामुळे माणूस कमी करणं मालकाला तुलनेने सोपं आहे. मात्र ‘आज या, उद्या जा’ असा कारभार नाही. कचेरीत काम करणाऱ्या पगारदारांसाठी 1938 पासून वेगळा कायदा आहे. त्यांना सहा महिन्यांच्या नोकरीनंतर तीन महिन्यांची नोटीस मिळते आणि ती वाढत सहा महिन्यांपर्यंत जाते. कारखान्यात किंवा बांधकामावर काम करणाऱ्यांची नोटीस करारानुसार ठरते आणि बरीच आखूड असते. खासगी क्षेत्रातले साधारण चौथाई लोक दरवर्षी नोकरी बदलतात, आणि त्यात फार मोठी कौटुंबिक आपत्ती आली असं कुणी मानत नाही.

जर्मनीशी फरक कुठे पडतो ते ओडेन्सेजवळच्या लिंडोच्या गोदीत स्पष्ट दिसतं. 2006 मध्ये तेव्हाचं जगातलं सर्वात मोठं कंटेनर जहाज ‘एमा मेर्स्क’ इथेच बांधलं गेलं. तीन वर्षांनी गोदीची मालक असलेल्या मेर्स्क कंपनीने गोदी बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि 2012 मध्ये इथलं शेवटचं जहाज गेलं. आशियातल्या गोद्यांशी किमतीत टिकणं शक्य नव्हतं, म्हणून गोदी जगवण्यासाठी तास आखूड करण्याच्या भानगडीत कुणी पडलं नाही. पैसा माणसांच्या पुनर्प्रशिक्षणावर गेला, त्यात युरोपीय संघाच्या निधीचाही वाटा होता. आज त्या जागेवर समुद्री पवनचक्क्यांचे अवाढव्य भाग तयार होतात.

मग ते नव्वद टक्के? नियमात आहेत, पण त्यावर कमाल मर्यादा आहे. महिन्याला 45,000 क्रोनर (डॅनिश चलन) पगार असलेल्या इंजिनिअरला, आधी आठ टक्क्यांची कामगार-बाजार वर्गणी वजा करून, नव्वद टक्क्यांच्या हिशेबाने 37 हजारांच्या आसपास मिळायला हवेत. मर्यादा मात्र 2024 मध्ये महिन्याला साधारण 20 हजारांची होती. बरीच वर्षं सलग नोकरी केलेल्यांना पहिले तीन महिने थोडं जास्त मिळतं, इतकंच. शिवाय या रकमेवर करही आहे. म्हणजे कमी पगाराच्या माणसाला खरोखर नव्वदच्या जवळ मिळतात आणि इंजिनिअरला निम्म्याहून कमी. म्हणूनच तिथल्या युनियन वरच्या पगारदारांना वेगळा वेतन-विमा विकतात, आणि तो खपतोही.

‘घरबसल्या’ हा शब्द तर साफ चुकीचा. बेकारीच्या पहिल्याच दिवशी सरकारी संकेतस्थळावर नोंद करायची, दोन आठवड्यांत सीव्ही चढवायचा, कुठे कुठे अर्ज केले त्याची नोंदवही ठेवायची, बोलावतील तेव्हा मुलाखतीला हजर राहायचं, सांगतील तो प्रशिक्षणवर्ग करायचा. कुचराई केली की भत्ता कापला जातो. हा जाच नंतर आला, आणि माझ्या मते सगळ्या पद्धतीचा कणा तोच आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाही डेन्मार्कमध्ये काढणं सोपं होतं आणि भत्ता भरपूर, वर्षानुवर्षं मिळणारा होता. तरीही 1993 मध्ये बेकारी बारा टक्क्यांच्या आसपास होती. पंतप्रधान पौल न्युरुप रासमुसेन यांच्या सरकारने 1994 पासून भत्त्याला कामाच्या शोधाची आणि प्रशिक्षणाची सक्ती जोडली, त्यावर पैसाही ओतला, आणि दशक संपेपर्यंत बेकारी निम्म्याहून खाली आली. तेजीचा वाटा त्यात होताच, पण नुसत्या तेजीने इतकं झालं असतं असं वाटत नाही. 2010 मध्ये भत्त्याची मुदत चार वर्षांवरून दोनवर आणली, तेव्हापासून ‘सुरक्षा’ची बाजू लंगडी झाल्याची तक्रार तिथल्या युनियन करत आल्यात, आणि ती अगदीच खोटी नाही.

इतर देशांनी डेन्मार्ककडून नेमका सोपा भाग उचलला. स्पेनने 2012 मध्ये अन्याय्य बरखास्तीची भरपाई नोकरीच्या दर वर्षामागे 45 दिवसांवरून 33 वर आणली. पण बेकारी पंचवीस टक्क्यांवर असताना, तिजोरी आटलेली असताना, डॅनिश पद्धतीचं प्रशिक्षण आणि भत्ता आणायचा कुठून? फ्लेक्झिक्युरिटीचं नाव युरोपातल्या युनियनमध्ये बदनाम झालं ते अशामुळे.

जर्मन पद्धतीचे बळी वेगळे. मिनिजॉबवाले, म्हणजे ठरावीक मर्यादेपर्यंतच्या तुटपुंज्या पगारावर थोडे तास काम करणारे, बेकारी विम्यात नसतात, त्यामुळे कुर्त्सआर्बाइटचा पैसा त्यांना मिळत नाही. एजन्सीमार्फत आलेल्या कामगारांना कारखाना सगळ्यात आधी परत पाठवतो, 2009 मध्येही पहिला फटका त्यांनाच बसला. कायम कामगाराची नोकरी वाचते, त्यामागे बऱ्याचदा अशा कुणाची तरी गेलेली असते. आणि मंदी तात्पुरती नसेल, मालच कुणाला नको असेल, तर तास आखूड करून फक्त दिवस ढकलले जातात. फोक्सवागनने 1994 मध्ये 28.8 तासांचा आठवडा करून कपात टाळली होती. डिसेंबर 2024 च्या करारात मात्र 2030 पर्यंत 35 हजारांहून जास्त पदं कमी करायचं ठरलं. सक्तीने कुणाला काढायचं नाही, निवृत्ती आणि स्वेच्छेने जाणाऱ्यांतून हा आकडा गाठायचा. माणूस शाबूत राहतो, पण त्याच्या मुलासाठी ती जागा उरत नाही.

हे दोन देश आपापल्या पद्धतीला चिकटून बसलेत असंही नाही. मार्च 2020 मध्ये डेन्मार्कने युनियन आणि मालकांना एकत्र बसवून पगाराचा मोठा हिस्सा सरकारी तिजोरीतून द्यायला सुरुवात केली, अट अशी की धंदा बसला म्हणून कुणाला काढायचं नाही. सरळसरळ जर्मनीचं पान उचललं. रोग तात्पुरता होता, औषधही तसंच निवडलं.

तिकडे नोकरीला जाणाऱ्याने देशाप्रमाणे वेगळे प्रश्न विचारायला हवेत. जर्मनीत: कंपनीत दहापेक्षा जास्त माणसं आहेत का, कामगार परिषद आहे का, पहिले सहा महिने संपले का. आणि तासकपातीचं पत्र आलं तर घाबरून पुण्याचं तिकीट काढायची गरज नाही, नोकरी शाबूत आहे. डेन्मार्कमध्ये भत्ता आपोआप लागू होत नाही. बेकारी विमा निधीचं, म्हणजे आ-कासेचं, सभासद स्वतः व्हावं लागतं, दरमहा वर्गणी भरावी लागते आणि साधारण वर्षभर सभासद राहिल्यावर, पुरेशी कमाई दाखवल्यावर हक्क लागतो. वर्क परमिट एकाच नोकरीला बांधलेलं असेल तर त्या परमिटवर भत्ता प्रत्यक्षात मिळतो का, हे वर्गणी सुरू करण्याआधी त्या निधीकडूनच लेखी विचारून घ्यावं.