रात्रीचा बॅकअप आपला पासवर्ड कुठून वाचतो

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आपल्या पतसंस्थेच्या, दुकानाच्या किंवा दवाखान्याच्या पोस्टग्रेस डेटाबेसचा बॅकअप आमचा प्रोग्रॅम रात्री घेतो, तेव्हा संगणकासमोर कोणीही बसलेले नसते. डेटाबेसने पासवर्ड मागितला तर तो टंकायला माणूस नाही; त्यामुळे तो आधीच कुठेतरी लिहून ठेवलेला असावा लागतो. हा पासवर्ड आमच्या कार्यालयात जमा असतो, असा बऱ्याच ग्राहकांचा समज असल्याचे फोनवरील बोलण्यातून लक्षात आले. तसे नाही. तो आपल्याच सर्व्हरवर, एका लहानशा मजकूर-फाइलमध्ये असतो, आणि म्हणून ती फाइल सांभाळण्याची जबाबदारीही मुख्यतः आपल्याकडेच राहते. ती कशी सांभाळावी आणि ती वाचता आली नाही तर बॅकअप का अडतो, एवढेच या पत्रकात सांगितले आहे. प्रत्यक्ष टंकायच्या आज्ञा स्थापनेच्या वेळी दिलेल्या कागदावर छापलेल्या आहेत.

फाइल कोणती आणि ती कोण उघडते

लिनक्सवर ज्या वापरकर्त्याच्या नावाने बॅकअप चालतो, त्याच्या होम फोल्डरमध्ये ही फाइल ‘.पीजीपास’ या नावाने असते. नावाची सुरुवात टिंबाने होत असल्यामुळे फोल्डरच्या नेहमीच्या यादीत ती दिसत नाही. दिसत नाही म्हणजे सुरक्षित आहे, असे मात्र समजू नये. विंडोजवर तीच फाइल वापरकर्त्याच्या ‘ॲपडेटा’मधील ‘पोस्टग्रेसक्यूएल’ फोल्डरमध्ये ‘पीजीपास.कॉन्फ’ या नावाने ठेवावी लागते.

आमचा प्रोग्रॅम ही फाइल स्वतः उघडतही नाही. तो पोस्टग्रेससोबत येणारा, डेटाबेसची प्रत काढणारा ‘पीजी_डंप’ हा प्रोग्रॅम सुरू करतो, आणि पीजी_डंप ज्या ‘लिबपीक्यू’ लायब्ररीच्या आधाराने सर्व्हरशी बोलतो, ती लायब्ररी फाइल वाचून जुळणारा पासवर्ड उचलते. आमच्या लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम आपल्या कामाची नोंद ठेवतो त्या फाइलमध्ये, सर्व्हरचे, डेटाबेसचे आणि वापरकर्त्याचे नाव उतरते. पासवर्ड उतरत नाही.

फाइलमधील प्रत्येक ओळीत कोलनने वेगळे केलेले पाच भाग असतात: सर्व्हर, पोर्ट, डेटाबेस, वापरकर्ता आणि शेवटी पासवर्ड. पोर्ट म्हणजे सर्व्हरवर ज्या क्रमांकाशी जोडणी होते तो; तो बहुधा ५४३२ असतो. पहिल्या चार भागांपैकी कोणत्याही जागी स्टारचे चिन्ह टाकले तर ‘काहीही चालेल’ असा त्याचा अर्थ होतो, आणि गोंधळाची सुरुवात बहुतेक वेळा इथूनच होते. लिबपीक्यू ही यादी वरून खाली वाचते व जी ओळ सर्वांत आधी जुळेल तिचाच पासवर्ड वापरते; तिच्याखाली अधिक नेमकी ओळ असली तरी तिथपर्यंत ती जातच नाही. म्हणून नेमक्या ओळी वर आणि स्टारची ओळ तळाशी लिहावी, किंवा स्टार वापरूच नये. सर्व्हरचे नाव अक्षरशः जुळावे लागते. जोडणी ‘लोकलहोस्ट’ या नावाने होत असेल आणि फाइलमध्ये १२७.०.०.१ लिहिले असेल, तर दोन्हींचा अर्थ ‘हेच यंत्र’ असा असला तरी फाइलच्या लेखी ती दोन वेगळी ठिकाणे आहेत. पासवर्डमध्येच कोलन किंवा बॅकस्लॅश असेल, तर त्याच्या आधी आणखी एक बॅकस्लॅश द्यावा लागतो. नवा पासवर्ड ठरवताना ही दोन चिन्हे टाळलेलीच बरी.

पासवर्ड उघड्या अक्षरांत का?

हा प्रश्न आम्हाला सर्वाधिक विचारला जातो, आणि तो रास्त आहे. डेटाबेस सर्व्हर मूळ पासवर्ड स्वतःकडे ठेवत नाही. पोस्टग्रेसच्या आवृत्ती १४ पासून मूळ सेटिंगनुसार तो स्क्रॅम-शा-२५६ पद्धतीने रूपांतरित करून साठवला जातो. पण दार ठोठावणाऱ्याला मात्र खरा पासवर्ड माहीत असावाच लागतो. ही फाइल कूटबद्ध केली असती, तर ती उघडण्याची किल्ली त्याच यंत्रावर, त्याच प्रोग्रॅमच्या हाताशी ठेवावी लागली असती, आणि कपाटाला कुलूप घालून किल्ली त्याच कपाटावर ठेवण्यापेक्षा त्याचा फार उपयोग झाला नसता.

म्हणून या फाइलचे खरे संरक्षण तिच्या परवानग्यांमध्ये आहे. लिनक्सवर त्या ६०० असाव्यात, म्हणजे फाइलच्या मालकाला वाचता व लिहिता यावे आणि गटाला किंवा इतरांना काहीही करता येऊ नये. इतरांना नुसते वाचता येत असले तरी लिबपीक्यू इशारा देऊन ती फाइल पूर्णपणे दुर्लक्षित करते. आमचा प्रोग्रॅम पीजी_डंपला ‘पासवर्ड विचारू नकोस’ अशी सूचना देऊन चालवतो, त्यामुळे अशा वेळी तो रात्रभर उत्तराची वाट पाहत न बसता तिथेच थांबतो आणि सकाळी आपल्याला बॅकअप न झाल्याचा संदेश येतो. हा संदेश त्रासदायक वाटला तरी परवानग्या सैल झाल्याचे त्यामुळेच वेळेवर कळते. विंडोजवर ही तपासणी होत नाही. तिथे फोल्डर सुरक्षितच आहे असे गृहीत धरले जाते. सर्व्हरवर सगळे कर्मचारी एकाच लॉगिनने बसत असतील, तर ते गृहीतक खोटे ठरते आणि पासवर्ड त्या सर्वांना वाचता येतो. अशा ठिकाणी बॅकअपसाठी स्वतंत्र विंडोज खाते काढावे, असा आमचा आग्रह आहे.

काही ग्राहकांचे संगणक पाहणारे गृहस्थ फाइल टाळून पासवर्ड थेट आज्ञेतच लिहितात. आज्ञा चालू असताना तिचा संपूर्ण मजकूर त्या यंत्रावरील इतर वापरकर्त्यांना चालू कामांच्या यादीत सहसा पाहता येतो, म्हणून हे करू नये. ‘पीजीपासवर्ड’ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅम सुरू होताना त्याला सिस्टिमकडून मिळणारे मूल्य) वापरण्याची शिफारसही पोस्टग्रेसची स्वतःची कागदपत्रे करत नाहीत. त्यात आणखी एक खोच आहे: हा व्हेरिएबल भरलेला असेल तर फाइल वाचलीच जात नाही, आणि फाइलमधील पासवर्ड कितीही वेळा दुरुस्त केला तरी जुनाच पासवर्ड जात राहतो.

हाताने चालतो, रात्री अडतो

या तक्रारीचे कारण बहुधा एकच असते. दिवसा आपण स्वतःच्या लॉगिनने बॅकअप चालवता, तेव्हा आपल्या होम फोल्डरमधील फाइल वाचली जाते; रात्री तेच काम लिनक्सवर ठरलेल्या वेळी कामे सुरू करणाऱ्या क्रॉनमधून ‘रूट’ या सर्वाधिकारी खात्याच्या नावाने, किंवा तेच करणाऱ्या विंडोजच्या टास्क शेड्यूलरमधून विंडोजच्या स्वतःच्या ‘सिस्टिम’ खात्याने सुरू होते, आणि त्या खात्याचे फोल्डर वेगळे असल्यामुळे तिथे फाइल नसतेच. फाइल तिकडेही उतरवून ठेवण्याचा मोह होतो, पण त्यामुळे एका पासवर्डच्या दोन प्रती होतात आणि बदलताना एक हमखास राहून जाते. त्याऐवजी रात्रीचे काम ठरलेल्या खात्यानेच चालवावे. विंडोजवर नोटपॅडने नावापुढे आपणहून ‘.टीएक्सटी’ जोडलेले नाही ना, हेही पाहावे.

याच्या नेमकी उलट स्थिती अधिक फसवी असते. कोणाला कशा तपासणीने आत घ्यायचे हे ठरवणाऱ्या सर्व्हरच्या ‘पीजी_एचबीए.कॉन्फ’ या फाइलमध्ये त्या जोडणीसाठी ‘ट्रस्ट’ असे लिहिलेले असेल, तर सर्व्हर पासवर्ड तपासतच नाही. मग फाइलमध्ये चुकीचा पासवर्ड असला तरी बॅकअप व्यवस्थित होत राहतो, आणि सर्व काही ठीक आहे असे सर्वांना वाटते. पासवर्ड मुद्दाम चुकवूनही बॅकअप झाला, तर आम्हाला अवश्य कळवावे.

खाते आणि पासवर्ड बदलणे

या फाइलमध्ये ‘पोस्टग्रेस’ या सर्वाधिकारी खात्याचा पासवर्ड लिहू नये. बॅकअपला वाचण्यापुरताच अधिकार लागतो, आणि आवृत्ती १४ पासून त्यासाठी ‘पीजी_रीड_ऑल_डेटा’ ही तयार भूमिका मिळते. बहुतेक ठिकाणी तेवढी पुरते. फाइल कधी चुकीच्या हाती लागली तरी तिच्या बळावर नोंदी पुसता किंवा फिरवता येत नाहीत.

सर्व्हरवर हात असलेला कर्मचारी नोकरी सोडून गेला, किंवा फाइल पेनड्राइव्हवर अथवा ईमेलने बाहेर गेली, तर पासवर्ड त्याच दिवशी बदलावा. बाहेर गेलेली प्रत पुसून भागत नाही. आधी सर्व्हरवर ‘पीएसक्यूएल’ या पोस्टग्रेसला आज्ञा देण्याच्या प्रोग्रॅममधील पासवर्ड बदलण्याच्या खास आज्ञेने तो बदलावा, कारण ती आज्ञा नवा पासवर्ड उघड्या अक्षरांत सर्व्हरकडे पाठवत नाही, नंतर फाइलमधील ओळ बदलावी, आणि रात्रीची वाट न पाहता बॅकअपच्याच खात्याने एकदा चालवून पाहावे.

आमचा कोणताही प्रतिनिधी आपल्याला पासवर्ड विचारणार नाही. अडचण आल्यास लॉगमधील शेवटच्या काही ओळी पाठवाव्यात, त्या पुरेशा होतात. फाइलचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवू नये. एका ग्राहकाने मदत लवकर मिळावी म्हणून तसा तो पाठवला होता, आणि मूळ अडचण बाजूला ठेवून आम्हाला आधी त्यांचा पासवर्ड बदलून घ्यावा लागला.