नखांवरचे पांढरे ठिपके म्हणजे कॅल्शियम कमी? नाही हो!

लहानपणापासून ऐकत आलोय, नखावर पांढरा ठिपका दिसला की "कॅल्शियम कमी झालंय, दूध पी". आता तर नखं नि जीभ बघून कुठलं व्हिटॅमिन कमी आहे ते सांगणारे पण खूप झालेत आणि लोक लगेच गोळ्या आणतात, याचं खरंच वाईट वाटतं. अहो, नख केराटिनचं असतं म्हणजे प्रोटीनचं, कॅल्शियम त्यात अगदी नावाला. ठिपका येतो तो बहुतेक वेळा नखाच्या मुळाशी लागलेल्या मारामुळे, दारात बोट सापडलं, नखं कुरतडली असं काहीतरी, आणि हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटरच वाढतं त्यामुळे ठिपका दिसेपर्यंत आपण ते विसरलेलो असतो. मग तो नखाबरोबर पुढे सरकत जातो आणि एक दिवस नेलकटरने कापला जातो, लक्ष ठेवून बघा.

नखं काहीच सांगत नाहीत असं नाही हां. चमच्यासारखी खोलगट झाली, पाण्याचा थेंब त्यात थांबेल इतकी, तर लोह कमी असू शकतं, पण तेही रक्तातलं हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं प्रोटीन) तपासूनच कळतं. आणि सगळीच नखं पांढरी पडली असतील तर घरगुती अंदाज नको, सरळ डॉक्टरांना दाखवा.