टेल्कोचा कामगार ते पुण्याचा पालकमंत्री : गिरीश बापट यांची पार्श्वभूमी

पुण्यात एके काळी ‘मुलगा टेल्कोत (म्हणजे आजच्या टाटा मोटर्समध्ये) आहे’ एवढं सांगितलं की लग्नाच्या बैठकीत पुढचे प्रश्न कमी व्हायचे. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांनी पेठांतल्या वाड्यांना पगाराची सवय लावली, ती याच पिढीत. १९५० साली तळेगाव दाभाड्यात जन्मलेले गिरीश बापट पुण्याच्या बीएमसीसी महाविद्यालयातून वाणिज्य पदवी घेऊन १९७३ मध्ये टेल्कोत कामगार म्हणून लागले. दोनच वर्षांत आणीबाणी आली. संघाच्या मुशीतल्या या तरुणाने १९ महिने नाशिकच्या तुरुंगात काढले.

१९८३ मध्ये ते महापालिकेत निवडून आले आणि सलग तीनदा नगरसेवक राहिले. त्यांच्या कारकिर्दीबद्दल लिहिताना लोक पटकन मंत्रिपदावर येतात. मला मात्र ही महापालिकेतली वर्षंच सर्वांत महत्त्वाची वाटतात. तुंबलेलं ड्रेनेज, न येणारं पाणी, पडायला आलेला वाडा आणि त्यातले भाडेकरू ही कामं घेऊन माणसं सकाळी दारात उभी राहतात. ती कोणत्या पक्षाची, हे विचारून चालत नाही. बापटांचे सर्व पक्षांत मित्र होते, आणि त्याची मुळं मला तिथेच दिसतात.

शिवाय बापट पुढे जिथून आमदार झाले तो कसबा मतदारसंघ म्हणजे नुसत्या सदाशिव-नारायण पेठा, हा बाहेरच्यांचा गैरसमज आहे. तांबट आळीत घण पडतात, बुरूड आळीत टोपल्या विणल्या जातात, बुधवार आणि रविवार पेठेत व्यापाऱ्यांची दुकानं आहेत. हातानं काम करणाऱ्यांची ही वस्ती आहे. तिथे निव्वळ विचारसरणीवर मतं मिळत नाहीत.

हे बापटांनाही सहज कळलं नाही. १९९१ मध्ये त्यांच्याच पक्षाचे, भाजपचे आमदार अण्णा जोशी लोकसभेवर गेले, कसब्याची जागा रिकामी झाली, आणि पोटनिवडणुकीत काँग्रेसचे वसंत थोरात जिंकले, बापट हरले. १९९५ मध्ये मात्र ते विधानसभेत पोहोचले आणि पुढच्या चारही निवडणुका जिंकले. मधे १९९६ला लोकसभेसाठी सुरेश कलमाडींकडून पराभव झाला. २००९ मध्ये मनसेच्या रवींद्र धंगेकरांनी कसब्यातच त्यांना चांगलं झुंजवलं.

२०१४ मध्ये लोकसभेची उमेदवारी अनिल शिरोळेंना गेली. त्याच वर्षी राज्यात भाजपची सत्ता आली आणि अन्न व नागरी पुरवठा खातं, संसदीय कामकाज आणि पुण्याचं पालकमंत्रिपद बापटांकडे आलं. २०१५ मध्ये तूरडाळ किलोला २०० रुपयांच्या घरात गेली, तेव्हा टीकेचा मारा त्यांच्यावरच झाला. रेशन आणि डाळीचं खातं थेट स्वयंपाकघराला उत्तर देतं. तो काळ त्यांच्यासाठी अवघड होता, आणि टीका अवाजवी नव्हती.

२०१९ मध्ये मोहन जोशींचा तीन लाखांहून अधिक मतांनी पराभव करून ते खासदार झाले. कसबा मुक्ता टिळकांकडे गेला. डिसेंबर २०२२ मध्ये टिळकांचं निधन झालं आणि पोटनिवडणूक लागली. स्वतः गंभीर आजारी असलेले बापट फेब्रुवारीत केसरीवाड्यातल्या मेळाव्याला व्हीलचेअरवर, नाकाला ऑक्सिजनची नळी लावून आले. त्या अवस्थेत त्यांना तिथे आणायला नको होतं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

२ मार्च २०२३ला निकाल लागला. २८ वर्षं भाजपकडे असलेला कसबा काँग्रेसने घेतला. विजयी उमेदवार होते तेच धंगेकर. २९ मार्चला बापट गेले.