अ‍ॅक्युपंक्चर: 'मला फरक पडला'ची जुनी गोष्ट

माझा उजवा खांदा आखडला होता, डॉक्टरांच्या भाषेत फ्रोझन शोल्डर, केस विंचरायला हात वर जाईना, दोरीवर कपडे घालणं बंद झालेलं, दोन महिने फिजिओ करूनही रात्री त्या कुशीवर वळलं की झोप मोडायचीच. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं सुया टोचून बघ, माझ्या गुडघ्याला फरक पडला." गेले. खांद्यात टोचणार म्हणून खांदा सैल सोडून बसले तर तिथल्या बाईंनी पहिली सुई घातली कुठे, तर पायाला, नडगीच्या बाहेरच्या बाजूला! सुई केसासारखी बारीक, टोचल्याचं कळलंही नाही, पण मग त्यांनी ती दोन बोटांत धरून जराशी फिरवली तेव्हा आतून जड, बधिर, मुंग्या आल्यासारखं काहीतरी पोटरीभर पसरलं. याला चिनीत 'दे-छी' म्हणतात. "आता हात वर करा," त्या म्हणाल्या. थोडा जास्त वर गेला. की मला तसं वाटलं, देव जाणे. सहा-सात सिटिंगनंतर झोप लागायला लागली हे मात्र खरं, आणि असा खांदा वर्ष-दोन वर्षांत आपला आपणही बराच सुटतो हेही खरं, फक्त ते मला नंतर कळलं.

तेव्हापासून याच्या मागची हिस्टरी वाचायचा नाद लागला, आणि गंमत अशी की ही हिस्टरी बरीचशी कुणाच्या तरी 'मला फरक पडला'वरच चाललेली आहे.

आधी ते 'पाच हजार वर्षं जुनी पद्धत' याचं बघू. दवाखान्यांच्या बोर्डांवर हमखास असतं, पण पुरावे तितके मागे जात नाहीत. चीनमध्ये मावांगद्वे इथे इ.स.पू. १६८ मधल्या थडग्यात रेशमावर लिहिलेले वैद्यकीय ग्रंथ सापडले, त्यात शरीरातल्या वाहिन्या आहेत, वनस्पती जाळून शेक देणं आहे, सुया मात्र नाहीत. सुयांची नीट सिस्टिम दिसते ती 'ह्वांगदी नेइचिंग' या ग्रंथात, तो साधारण त्याच्यानंतरच्या काळात जुळत गेला. म्हणजे दोन हजार वर्षं धरा, तीही काही कमी नाहीत. आणि चिनी शब्द 'झेनज्यू' म्हणजे सुई आणि शेक दोन्ही, आपण त्यातली सुई तेवढी उचलली. शेकाला वापरतात ती वनस्पती आपल्या दवण्याच्या भावकीतली, म्हणजे जोतिबाला वाहतो त्या दवण्याच्या. मला एकदा तो शेक, म्हणजे मोक्सा, दिला होता, अंगाला दोन दिवस धुराचा वास.

बरं, चीनमध्ये तरी याला कायम मान होता का, तर नाही. १८२२ मध्ये दाओग्वांग बादशहाने राजवैद्यांच्या संस्थेतून सुया आणि शेक दोन्ही बंद केले, कारण काय तर बादशहाच्या अंगाला सुई टोचणं नि चटके देणं शोभत नाही. नंतर हे बरचसं रस्त्यावरच्या, फिरत्या लोकांच्या हातात राहिलं, आपल्याकडे गावात डाग देणारे असायचे ना साधारण तसं, सुया जाड, टोचून रक्त काढणंही त्यातच. १९२९ मध्ये तर एकूण देशी वैद्यकच बंद करायचा प्रस्ताव सरकारपुढे आला होता, वैद्यांनी मोठा विरोध केला म्हणून वाचलं.

इथे येतो चेंग दानआन. हा मॉडर्न मेडिसिनचंही शिकलेला, पाठदुखीने हैराण झाला, वडिलांनी सुया टोचून बरं केलं आणि मग पठ्ठ्याने आयुष्यच त्यात घातलं. १९३० च्या दशकात त्याने शरीरावरचे पॉइंट रक्तवाहिन्यांपासून दूर, नसांच्या हिशोबाने नव्याने मांडले, बारीक सुया रूढ केल्या, पत्राने शिकवायचा कोर्स काढला. आज माझ्या नडगीत गेली ती केसासारखी सुई म्हणजे बादशहाच्या काळातली नव्हे, या माणसाच्या काळातली जास्त. १९४९ नंतर कम्युनिस्ट सरकारने हे उचलून धरलं, एवढ्या मोठ्या देशाला डॉक्टर पुरत नव्हते आणि सुया स्वस्त, हे सरळ कारण.

युरोपला हे त्याआधीच माहीत होतं. तेन राइने नावाच्या डच डॉक्टरने जपानमध्ये पाहून १६८३ मध्ये पुस्तक लिहिलं. आणि विल्यम ऑस्लर, मॉडर्न मेडिसिनमधलं केवढं मोठं नाव, त्याच्या १८९२ च्या पाठ्यपुस्तकात कंबरदुखीवर चक्क सुया सांगितल्यात, आणि बायकांच्या टोपीला लावायच्या पिना निर्जंतुक करून चालतील म्हणे! तीन-चार इंच लांब. वाचूनच माझी कंबर बरी झाली.

आता आपलं नातं. बऱ्याच जणांना वाटतं भारतात हे सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांनी आणलं. कसं आणणार, ते परतलेच नाहीत. १९३८ मध्ये जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, त्यात कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकर होते, कलकत्त्याचे डॉ. बिजयकुमार बसू होते. कोटणीस तिथेच ९ डिसेंबर १९४२ ला गेले, वय फक्त ३२, आणि ते होते सर्जन, काम युद्धातल्या जखमींवर ऑपरेशन करायचं. सुया आणल्या त्या बसूंनी, पन्नासच्या दशकाच्या शेवटी परत चीनला जाऊन शिकून आले आणि १९५९ मध्ये कलकत्त्यात उपचार सुरू केले. पुढे कोटणीसांच्या नावाने अ‍ॅक्युपंक्चरचे दवाखाने निघाले, लुधियानाचं तर प्रसिद्धच, म्हणून हा घोटाळा होत असावा.

आणि अमेरिका? सोनाराने कान टोचावेत तसं झालं. जुलै १९७१, न्यूयॉर्क टाइम्सचा पत्रकार जेम्स रेस्टन पेकिंगमध्ये, म्हणजे आजच्या बीजिंगमध्ये, त्याला कळतं की अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचा सल्लागार किसिंजर गुपचूप येऊन गेला आणि आपल्याला पत्ताच नाही, आणि तो स्वतःच गमतीने लिहितो की त्याच क्षणी पहिली कळ आली. अपेंडिक्स निघालं. इथे लोक गोष्ट फिरवतात, की भूल न देता नुसत्या सुयांवर ऑपरेशन झालं. अजिबात नाही, रीतसर भुलीचं इंजेक्शन देऊन झालं. दुसऱ्या रात्री पोट फुगून दुखायला लागलं तेव्हा तिथल्या डॉक्टरने तीन सुया टोचल्या, एक उजव्या कोपराला, दोन गुडघ्यांखाली, वर तो वनस्पतीचा शेक, आणि तासाभरात पोट हलकं झालं. २६ जुलैला पहिल्या पानावर हे छापून आलं आणि पुढच्या वर्षी राष्ट्राध्यक्ष निक्सनच्या चीन दौऱ्यानंतर तर अमेरिकेत सुयांची लाटच आली. आता गॅस तासाभरात तसाही सुटला असता का? असू शकतं. माझ्या खांद्यासारखंच.

हाच प्रश्न मग लॅबमध्ये गेला. सत्तरच्या दशकात शरीर स्वतःच अफूसारखी वेदनाशामक द्रव्यं, एंडॉर्फिन वगैरे, बनवतं हे सापडलं, आणि काही प्रयोगांत असं दिसलं की अफूचा परिणाम तोडणारं नॅलॉक्सोन दिलं की सुयांचा आरामही कमी होतो. म्हणजे काहीतरी होतं तर खरं. पण जर्मनीत ११६२ कंबरदुखीवाल्यांवर ट्रायल झाली, रिझल्ट २००७ मध्ये आले: खऱ्या पॉइंटवर सुया टोचलेल्यांत ४७.६ टक्के लोकांना सहा महिन्यांनी चांगला फरक, कुठेही वरवर टोचलेल्यांत ४४.२ टक्के, आणि नेहमीची औषधं-व्यायामवाल्यांत फक्त २७.४. हे आकडे मी तीनदा वाचले. टोचणं उपयोगी पडतंय पण कुठे टोचलं याने फार बिघडत नाही, मग त्या नडगीच्या पॉइंटचं काय करायचं? सुयांच्या बाजूचे लोक पहिला आणि तिसरा आकडा सांगतात, विरोधातले पहिला आणि दुसरा.

सरकारांनी आपापल्या परीने निकाल लावलाय. आपल्या केंद्र सरकारने २०१९ मध्ये याला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली, महाराष्ट्रात तर वेगळा कायदा आणि वेगळी परिषदच आहे, त्यामुळे जाताना नोंदणी विचारायला हरकत नाही, आणि सुयांचं सीलबंद पाकीट आपल्यासमोर फोडताहेत ना तेही बघायचं. कुठले उपचार वापरावेत हे सांगणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने कंबरदुखीसाठी २००९ मध्ये हो म्हटलं, २०१६ मध्ये नाही म्हटलं, मग २०२१ मध्ये वेगळ्या प्रकारच्या जुनाट दुखण्यासाठी परत हो. अमेरिकेचं मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्यविमा, २०२० पासून ९० दिवसांत १२ सिटिंगचे पैसे देतं, पण फक्त जुनाट कंबरदुखीला. काकूंना सांगितलं की तुमचा गुडघा आणि माझा खांदा दोन्ही त्यात बसत नाहीत. त्या म्हणाल्या, मग आता कंबर दुखायची वाट बघायची का.