रिफ्लेक्शन एमिट

रिफ्लेक्शन एमिट : प्रोग्राम चालू असतानाच नवे क्लास आणि मेथड घडवण्याची, डॉटनेट या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रामिंग मंचातील सोय. नुसते रिफ्लेक्शन आधीपासून असलेल्या टाइपची (म्हणजे क्लास वगैरेंची) चौकशी करते : मेथड कोणत्या, पॅरामीटर किती. एमिट कोणत्याही सोर्स फाइलमध्ये नसलेला टाइप थेट मेमरीत उभा करते. २००२ मधील पहिल्या डॉटनेट फ्रेमवर्कपासून ही सोय आहे.

असेंब्ली म्हणजे कंपाइल झालेल्या कोडचा गठ्ठा. ती घडवणाऱ्या असेंब्लीबिल्डरच्या पोटात मॉड्यूलबिल्डर, त्यात टाइपबिल्डर, त्यात मेथडबिल्डर अशी ही उतरंड आहे. मेथडच्या आतला कोड मात्र सी-शार्पमध्ये लिहिता येत नाही. आयएलजनरेटरच्या हातून इंटरमीजिएट लँग्वेजची (आयएल, म्हणजे सी-शार्प कंपाइल होऊन जिच्यात उतरते ती मधली भाषा) एकेक सूचना घालावी लागते. दोन पूर्णांकांची बेरीज करणारी स्टॅटिक मेथड घ्या : एलडीआर्ग ०, एलडीआर्ग १, ॲड, रेट. पहिला आकडा स्टॅकवर, म्हणजे तात्पुरत्या चळतीवर, ठेवा, दुसरा ठेवा, दोन्ही उचलून बेरीज ठेवा, परत या. चार सूचना, चारच बाइट. मेथड स्टॅटिक नसेल, तर ० क्रमांकावर खुद्द ऑब्जेक्ट येऊन बसतो आणि आकडे १ व २ वर सरकतात. नवखा माणूस इथे हमखास अडखळतो.

वरच्या चारांतली दुसरी सूचना विसरली तरी टाइप पक्का करणारी क्रिएटटाइप ही मेथड बिनबोभाट पार पडते. मेथड पहिल्यांदा चालवायची वेळ आली की जेआयटी (आयएलचे ऐन वेळी यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर) ‘इनव्हॅलिड प्रोग्राम’ म्हणून हात वर करतो. नेमके कुठे बिनसले, ते सांगत नाही. म्हणून जाणते लोक हवी ती मेथड आधी सी-शार्पमध्ये लिहून कंपाइल करतात, तिचे आयएल उघडून बघतात आणि सरळ त्यावरून उतरवून घेतात. यात कमीपणा काहीच नाही.

एवढा खटाटोप वेगासाठी. रिफ्लेक्शनने दर वेळी प्रॉपर्टी शोधून भरणे महाग पडते. त्यापेक्षा एकदा मेथड घडवून जपून ठेवली की पुढच्या कॉलना तो खर्च लागत नाही. डॅपर ही लायब्ररी डेटाबेसमधील ओळी ऑब्जेक्टमध्ये भरताना हेच करते. त्यासाठी ती २००५ मध्ये आलेली डायनॅमिकमेथड वापरते. अशा मेथडला स्वतःचा क्लास लागत नाही आणि काम संपल्यावर नको असलेली मेमरी मोकळी करणारा गार्बेज कलेक्टर तिला उचलतो. चाचण्यांसाठी खोटे ऑब्जेक्ट बनवणारी मॉक लायब्ररी मात्र पूर्ण टाइपच घडवते.

जिथे जेआयटी नाही तिथे, म्हणजे प्रोग्राम आधीच यंत्रभाषेत कंपाइल करणाऱ्या नेटिव्ह एओटीमध्ये, हे चालत नाही. फ्रेमवर्कनंतर आलेल्या डॉटनेट कोअरने, एमिटने घडवलेली असेंब्ली डिस्कवर साठवण्याची सोयही काढून टाकली होती. ती २०२४ मध्ये डॉटनेट ९ सोबत पर्सिस्टेडअसेंब्लीबिल्डर या नावाने परतली.