आडनाव, स्वल्पविराम, साल: संदर्भसूचीची पार्श्वभूमी

बडोद्याच्या मांडवीतल्या मध्यवर्ती ग्रंथालयात जुनं मराठी पुस्तक हातात घेतलं, की शीर्षकपानाच्या तळाशी पुष्कळदा नुसता शक सापडतो. माझ्या एका शोधनिबंधाच्या सूचीत टंकताना 'शके' हा शब्द गळाला आणि '१८२०' एवढंच उरलं. परीक्षकांचा शेरा आला: या साली लेखक जन्मलेलेच नव्हते. शकात ७८ मिळवले की १८९८ येतं. पुस्तक जानेवारी ते गुढीपाडवा या दरम्यान निघालं असेल तर ७९ मिळवायचे. चूक माझी होती, ती दुरुस्त झाली. पण त्या नियतकालिकाच्या नियमावलीत शकासाठी जागाच नव्हती, हे मनाला लागून राहिलं. हे नियम मुळात कोणाच्या अडचणीतून निघाले, हे मी तेव्हापासून शोधते आहे.

दुसऱ्याचं घेतलं तर त्याचा हिशेब ठेवावा, हा विचार आपल्याकडे जुना आहे. सयाजीराव महाराजांच्या काळात सुरू झालेल्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचं पहिलं पुस्तक १९१६ मध्ये निघालं, ती प्राचीन संस्कृत कवी राजशेखराची 'काव्यमीमांसा'. एका कवीने दुसऱ्याचे शब्द किंवा अर्थ उचलावेत का, कितपत उचलावेत, कोणतं उचलणं खपवून घ्यावं आणि कोणतं नाही, याची बारीक वर्गवारी त्यात आहे. वाङ्मयचौर्यावरचा इतका सविस्तर विचार करणारा ग्रंथ बडोद्याने आपल्या मालेत पहिल्या क्रमांकाला घ्यावा, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पुढे इथल्याच प्राच्यविद्या मंदिराने वाल्मीकि रामायणाची चिकित्सक, म्हणजे अनेक पोथ्या ताडून केलेली, आवृत्ती सिद्ध केली. १९६० ते १९७५ या काळात सात कांडांचे सात खंड निघाले. त्याचं कुठलंही पान उघडा. वर श्लोक, आणि तळाला बारीक टायपात पाठभेदांच्या ओळी. प्रत्येक पोथीला तिच्या लिपीवरून एक रोमन अक्षर दिलेलं: देवनागरीला डी, दक्षिणेतल्या 'ग्रंथ' लिपीला जी, मल्याळमला एम, आणि पुढे क्रमांक. तळाशी अशी एक खूण दिसली, की प्रस्तावनेतल्या यादीत जाऊन ती पोथी कुठल्या संग्रहातली ते पाहता येतं. पोथीला पृष्ठं नसतात, पत्रं असतात, आणि एका पत्राला दोन बाजू. म्हणून पोथ्यांवर काम करणारे 'पत्र १२अ', 'पत्र १२ब' असं लिहितात. समोरचं साहित्य जसं, तशी खूण बेतायची, हे त्या मंडळींना पक्कं ठाऊक होतं.

आज आपण ज्यांना आयती चौकट समजतो, त्या पाश्चात्त्य पद्धतीही अशाच एकेका गरजेतून आल्या. लेखकाचं नाव आणि कंसात साल, ही 'हार्वर्ड' पद्धत साधारणपणे १८८१ पर्यंत मागे नेली जाते. हार्वर्ड विद्यापीठातले प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांनी शंख नसलेल्या एका गोगलगायीच्या अंड्यांवर दीर्घ निबंध लिहिला आणि त्यात आधीच्या अभ्यासकांचे संदर्भ सालासकट दिले. आधी कोणी काय पाहिलं आणि नंतर कोणी, हे जिथे महत्त्वाचं, तिथे साल मजकुरातच दिसणं सोयीचं पडतं. शिकागो पद्धतीची गोष्ट छापखान्यातली. १८९१ मध्ये सुरू झालेल्या विद्यापीठ मुद्रणालयात प्राध्यापकांची हस्तलिखितं थेट खिळे जुळवणाऱ्यांकडे जात. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, म्हणून जुळाऱ्यांनी आणि मुद्रितशोधकांनी आपल्यापुरते नियम एका कागदावर उतरवले. तेच वाढत वाढत १९०६ मध्ये पुस्तकरूपाने निघाले. अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेचे, म्हणजे एपीएचे, नियम १९२९ मध्ये अवघ्या सात पानांत मावले होते. वाङ्मयाच्या अभ्यासकांची एमएलए पद्धत १९५१ ची.

वैद्यकातली अडचण टाइपरायटरची होती. एका नियतकालिकाने नाकारलेला लेख दुसरीकडे धाडायचा, तर सगळी सूची त्यांच्या पद्धतीने पुन्हा टंकावी लागे. १९७८ मध्ये काही वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक कॅनडातल्या व्हँकुव्हरला जमले आणि सर्वांना चालेल असा एक नमुना त्यांनी ठरवला. मजकुरात नुसते आकडे आणि शेवटी त्याच क्रमाने सूची, ही ती पद्धत.

स्वल्पविराम आणि पूर्णविराम यांचा जाच वाढण्याचं आणखी एक कारण आहे. युजीन गारफील्ड यांचा 'सायन्स सायटेशन इंडेक्स' १९६४ मध्ये आला आणि कोणी कोणाचा संदर्भ दिला याची मोजदाद सुरू झाली. तोवर सूची माणूस वाचत होता, आता ती यंत्रालाही वाचता यायला हवी होती. २००० मध्ये डीओआय, म्हणजे लेखाला किंवा पुस्तकाला दिला जाणारा कायमचा ओळखक्रमांक आला, २००६ मध्ये झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर. आज संशोधक एक कळ दाबून पद्धत बदलतो.

आपली पंचाईत होते ती इथे. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांचंच घ्या. तीन दशकांहून अधिक काळ ते बडोद्याच्या नोकरीत होते. इंग्रजी ग्रंथावर ते जी. एस. सरदेसाई, मराठी ग्रंथावर गो. स. सरदेसाई. इंग्रजी नोंद तशीच देवनागरीत उतरवली की सूचीत 'सरदेसाई, जी. एस.' उगवतात, आणि एकाच माणसाचे दोन लेखक होतात. 'सखाराम' हे वडिलांचं नाव आहे हे त्या चौकटीला कळत नाही. ती त्याला मधलं नाव म्हणते. मराठी आणि इंग्रजी नोंदी एकत्र केल्या, तर अकारविल्हे क्रम कुठल्या लिपीचा धरायचा, हेही आपलं आपणच ठरवायचं. मी दोन याद्या वेगळ्या करते आणि मराठी आधी ठेवते.

एपीएच्या २०१९ मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीने पुस्तकाच्या नोंदीतून प्रकाशनस्थळ काढून टाकलं. आजच्या मोठ्या प्रकाशकांच्या बाबतीत ते ठीक आहे. पण जुन्या मराठी पुस्तकाला डीओआय नसतो, आणि पुष्कळदा ते लेखकानेच प्रसिद्ध केलेलं असतं. अशा वेळी गाव आणि छापखाना हाच त्याचा माग असतो. म्हणून नियमावली काहीही म्हणो, मी नोंदीत शके १८२० लिहून कंसात १८९८ देते, छापखान्याचं नाव घालते, आणि शीर्षकपानावर आहे तसंच, शेवटच्या अनुस्वारासकट, 'बडोदें' लिहिते. संपादकांनी खोडलं, तर कारण कळवून पुन्हा घालते.